ठाण्यातून परत आलेली रायफल

निवडणूक लागली की परवान्याचं हत्यार ठाण्यात जमा करायचं. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या दिवेआगरच्या वाडीत रानडुकरं शिरतात, म्हणून बाबांनी फौजेतून निवृत्त झाल्यावर ही जुनी रायफल घेतली. त्यांची नजर गेली तेव्हा परवाना माझ्या नावावर झाला. लोकसभेच्या वेळी मी ती पुसून, तेल लावून, कापडात गुंडाळून देऊन आले.

परत आणायला गेले तेव्हा जून सरत आला होता. हवालदारानं विचारलं, "घरात पुरुषमाणूस नाही का कोणी?" मी परवाना पुढे केला. रायफलीवरचं कापड गायब. नळीच्या तोंडात कुणीतरी ओल्या फडक्याचा बोळा कोंबला होता. ओढून काढला, तर तो तांबडा झालेला.

"हे काय?"

"मॅडम, जुनी आहे. गंज येणारच. पावसाळा आहे."

"आमच्या घरीही पावसाळाच असतो."

त्यानं रजिस्टर सरकवलं. "सही करा."

मी केली. सही केल्याचा राग मला अजून येतो.

घरी बाबांनी नळीच्या तोंडाशी करंगळी फिरवली. मग म्हणाले, "बाय, आटे दिसतायत का बघ." आटे म्हणजे नळीच्या आत वळत गेलेल्या खाचा, गोळी त्यांतून फिरत सरळ जाते. नळीमागचा सरकता बोल्ट काढून मी टॉर्च धरला. आत सगळं तपकिरी.

दोन दिवस मी नळी साफ करायच्या गजाला पितळी ब्रश लावून घासत होते. "मागून पुढे सार. मधेच परतवू नको," बाबा शेजारी बसून सांगत. तेलाची चिंधी बाहेर आली की वास घेत. "अजून हाय गंज." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिंधी पांढरी आली. नळी चमकली, पण आत देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते. खोटं बोलून उपयोग नव्हता. सांगितलं.

"माझंच चुकलं," ते म्हणाले. "मी संगती यायला हवं होतं."

चाळीस वर्षांत ज्या माणसानं एकदाही हत्यार मळकं ठेवलं नाही, त्यानं माफी मागावी? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

विधानसभेला पुन्हा तोच हवालदार. मी म्हटलं, "पावतीवर नळीची अवस्था लिहा."

"तशी पद्धत नाही."

"मग मी लिहिते. तुम्ही सही करा."

मी कोऱ्या कागदावर लिहिलं: नळी स्वच्छ, तेल लावलेलं, आत जुने खड्डे. आणि टेबलासमोरून हलले नाही. मागे बंदूक घेऊन उभे असलेले एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "माझंबी लिव गो." मग रांगेतल्या तिघांचं लिहिलं. हवालदारानं माझ्याकडे न बघता चारही कागदांवर सही-शिक्का केला.

या वेळी रायफल कोरडी परत आली. खड्डे मात्र भरून येत नाहीत, आणि त्याबद्दल ठाण्यातलं कुणी बाबांना अजून एक शब्द बोललेलं नाही.