कणसरीनंतर मनूभाय

बोईसरला माझा मंडप, डेकोरेशन आणि साउंडचा धंदा आहे. या धंद्यात माणूस लवकर निर्ढावतो. सकाळी ज्या माईकवरून एक पुढारी लाल बावट्याला शिव्या घालतो, तोच माईक मी संध्याकाळी लाल बावट्याच्या सभेला लावतो. मध्ये फक्त फडक्यानं पुसतो. कोण काय बोलतं ते मी ऐकत नाही, आवाज फाटतो का तेवढं बघतो. मात्र जमनाआजी गायला बसली की मी मिक्सर सोडून ऐकत राहायचो.

जमनाआजी पालघर-मनोर रस्त्याच्या आत असलेल्या एका पाड्यावरची धवलेरी. वारल्यांच्या जुन्या रीतीच्या लग्नात भटजी नसतो, लग्न लावते ती धवलेरी, आणि लावते म्हणजे गाते. भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढलेल्या चौकासमोर बसून ती एकेका देवाला नाव घेऊन मांडवात बोलावते. तिनं एक ओळ म्हणायची, शेजारी बसलेल्या दुसरीनं ती उचलायची, मग पुढची. जमनाआजीच्या शेजारी नेहमी सुकी असायची. पालघाट देवी, हिरवा, हिमाय, नारनदेव, कणसरी, वाघोबा, सगळे आपापल्या क्रमानं येतात. ज्याला बोलावलं नाही तो देव बाहेर उभा राहतो आणि लग्न अर्धं राहतं, असं ती मानायची. नुसतं म्हणायची नाही, खरंच मानायची.

या रांगेत कणसरी आली, म्हणजे धान्याची देवी आली, की तिच्या मागोमाग आणि वाघोबाच्या आधी एक माणूस यायचा.

ये रं ये मनूभाया,
जोडीची गाठ तू ठेव,
खुंट्याची गाठ तू सोड.

मनूभाय म्हणजे कॉम्रेड मनोहर सावे. केळव्याच्या खात्यापित्या बागायतदार घरातला मुलगा, पोफळीची वाडी सोडून जंगलपट्टीत लाल बावटा घेऊन फिरला, तुरुंगात गेला, म्हातारा होऊन मेला. त्या काळी या भागात लग्नगडी असायचे. लग्नासाठी जमीनदाराकडून भात आणि ताडी उचलायची, आणि लग्न लागलं की नवरा-बायको दोघांनी त्याच्या दारात राबायचं. कधीपर्यंत ते जमीनदारच ठरवणार. जमनाआजीला गाणं शिकवणाऱ्या रंभाबाईच्या लग्नातही तसंच ठरलं होतं. पण हळद लागलेली असताना मनूभाय पाड्यावरच्या माणसांना घेऊन जमीनदाराच्या अंगणात जाऊन उभा राहिला. रंभाबाई कुणाची गडी झाली नाही. पुढे ती धवलेरी झाली आणि तिनं त्याला देवांच्या रांगेत बसवून टाकला. कुणाची परवानगी विचारली नाही.

खुद्द मनूभायला हे कळलं तेव्हा तो चिडला म्हणे. देव मानू नका असं आयुष्यभर सांगितलं आणि शेवटी आपलाच देव झाला, तर कुणीही चिडेल. रंभाबाई त्याला म्हणाली, "तू नको मानू. आमी बोलवायचा थांबणार नाय." हे सांगताना जमनाआजी तोंडाला पदर लावून हसायची.

तर असा हा माणूस, आणि त्याच्या नावावर सगळ्यांचं काही ना काही मत. मी साउंडवाला असल्यामुळे सगळ्यांचं ऐकून बसलोय. त्याचे पुतणे केळव्यात शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी खोल्या चालवतात. त्यांच्याकडे त्याचा फोटो आहे, पण आतल्या खोलीत, पाहुण्यांना दिसणार नाही असा. "अर्धी वाडी घालवली त्यांनी," एवढंच बोलतात. पाड्यावरची शिकलेली पोरं म्हणतात, तो बाहेरचा, आमच्या देवांत त्याचं काय काम? पक्षाच्या पालघर ऑफिसातला सुजीत तर सगळ्यांहून गोंधळलेला. कॉम्रेडना देव करणं ही अंधश्रद्धा, असं तो भाषणात सांगायचा, आणि भाषण संपलं की जमनाआजीकडे जाऊन, "आजी, ती ओळ परत म्हणा, मोबाइलवर घेतो," असंही सांगायचा. बोईसरच्या कारखान्यांतले ठेकेदार म्हणायचे, असल्या माणसांमुळेच कंपन्या गुजरातला पळाल्या. इतकी मतं, पण ती ओळ कशाबद्दल आहे हे एकानंही कधी विचारलं नाही. मला याचा राग यायचा. अजून येतो.

जमनाआजीला यातलं काही लागत नव्हतं. तिचा जीव होता नातीत, प्रतीक्षात. प्रतीक्षाची आई लहानपणीच गेली, बाप गुजरातच्या बोटींवर खलाशी, वर्षाचा बहुतेक काळ समुद्रावर. पोरीला आजीनंच वाढवली, बारावी केली. प्रतीक्षाचं जमलं चिंतूशी. चिंतू बोईसरच्या एका कंपनीत ठेक्यावर पॅकिंगला. पोरगा गरीब, मान खाली घालून वावरणारा. आजीला पसंत होता.

लग्नाचा विषय निघाला आणि चिंतूचा ठेकेदार मध्ये आला. रूपेश त्याचं नाव. पांढरी गाडी, हातात दोन फोन, सगळ्यांशी गोड. चिंतू आपल्या भावासारखा, त्याचं लग्न मी लावून देणार, असं त्यानं जाहीर केलं. मंडप, जेवण, डीजे, सगळं त्याच्याकडून. मंडपाचं काम मलाच दिलं. खोटं कशाला बोलू, माझा निम्मा धंदा रूपेशच्या ओळखीनं चालतो.

लग्नाच्या आधी तो पाड्यावर आला. मी मांडवाची जागा मोजत होतो, त्यामुळे सगळं माझ्यासमोरच झालं. जमनाआजीच्या पाया पडला, खाटेवर बसला.

"आजी, गाणं तुमीच म्हणायचं. आपली रीत हाय ती. फक्त एक नाव गाळा."

"कुणाचा?"

"तुमाला म्हायती हाय. कंपनीचे साहेब येणार हायेत लग्नाला. माझ्या माणसाच्या मांडवात लाल बावट्याचं नाव निघालं तर ते काय समजतील? माझा ठेका जाईल, चिंतूची नोकरी जाईल."

"गाळता नाय येत," आजी म्हणाली. "रांग तुटते."

"देव थोडा कमी आला तर काय होतं, आजी? मोप देव हायेत."

तो हसत हसत निघून गेला. संध्याकाळी प्रतीक्षानं आजीजवळ बसून तेच मागितलं. पोर काही वाईट नव्हती. तिला फक्त नोकरीवाला नवरा आणि बोईसरमध्ये खोली हवी होती, बाप नसलेल्या घरातून बाहेर पडायचं होतं. "एक नाव, आजी. माज्यासाठी." दुसऱ्या दिवशी मी बांबू उतरवत होतो तर आजी मला म्हणाली, "चिराग, मी मनात बोलवला तं येल का रं तो?" मी काय सांगणार? मी म्हटलं, येईल आजी. असल्या वेळी माणूस असंच काहीतरी बोलतो.

लग्नाच्या दिवशी ऊन रणरणत होतं. साहेबलोकांसाठी पुढे सोफे मांडले होते, त्यांच्याकडे दोन कूलर वळवले होते. सुजीतही आला होता, मोबाइल उभा धरून. रूपेश माझ्या मिक्सरशेजारी येऊन थांबला. जमनाआजी चौकासमोर बसली, सुकी शेजारी. ही सुकी पण रूपेशच्याच ठेक्यात साफसफाईला जायची, हे मला त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावरून आठवलं.

गाणं सुरू झालं. पालघाट आली, हिरवा आला, हिमाय आली. आजी ओळ टाकायची, सुकी उचलायची. कणसरी आली. सुकीनं कणसरीची ओळ उचलली आणि ठेवली, आणि आजी गप्प झाली.

ज्यांना माहीत होतं त्यांनी माना वर केल्या. सोफ्यावरचे साहेब मोबाइल बघत होते, त्यांना वाटलं म्हातारी दम खातेय. आजीनं प्रतीक्षाकडे पाहिलं. पोरगी मान खाली घालून बसली होती, मुंडावळ्या हलत होत्या. सुकीचे डोळे आजीवर, आणि त्यांत इतकी भीती की मला बघवेना. आजीनं ओळ टाकली तरी सुकी ती उचलणार नाही, हे आजीला तिथं बसल्या बसल्या कळलं असणार. उचलली नाही तर गाणं तिथंच थांबतं. सगळ्यांदेखत.

आजीनं वाघोबाची ओळ घेतली. सुकीनं घाईघाईनं उचलली. लग्न लागलं.

रूपेशनं माझ्या पाठीवर थाप मारली, जसं काही मीच काही केलं होतं. सुजीत न जेवता गेला. शिकलेल्या पोरांपैकी एकजण मला म्हणाला, "बरं झालं, आता आपलं गाणं शुद्ध झालं." त्याला मी खुर्च्या उचलायला लावल्या. डीजेवर पोरं नाचली, रूपेशनं जमनाआजीला साडी दिली, सगळे खूश. आजी जेवली की नाही मी पाहिलं नाही.

आमच्याकडे लग्नानंतरच्या पहिल्या भातलावणीला लेक-जावई माहेरी येतात. चार दिवस राहतात, आवणीला हात लावतात, लाड करून घेतात. आजीनं बोंबलाचं सुकट आणून ठेवलं होतं, प्रतीक्षाला आवडतं म्हणून. आवणी सुरू झाली, अर्धी झाली, संपली. पोरं आली नाहीत. फोन केला की प्रतीक्षा म्हणायची, पुढच्या आठवड्यात. मग फोन उचलणंही कमी झालं. पाड्यावरच्या बायका विचारायच्या, आजी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची.

एक दिवस मी सामान घेऊन बोईसरला निघालो होतो तर ती रस्त्यावर उभी. सुकटाची पिशवी घेऊन टेम्पोत चढली आणि म्हणाली, "मना पोरीच्या कंपनीत सोड." प्रतीक्षाही आता चिंतूबरोबर तिथंच पॅकिंगला लागली होती, हे मला तेव्हा कळलं.

कंपनीच्या गेटवर रूपेश नेमका बाहेरच गाडीला टेकून फोनवर बोलत होता. आजीला बघून हसला, पाया पडायला वाकला. आजीनं पाय मागे घेतले.

"माजी पोर चार दिस घरी न्यायला आलीय."

"आत्ता नाय जमणार, आजी. ऑर्डर मोठी हाय. आणि लग्नाचा खर्च फिटायचाय ना अजून. दोघांच्या पगारातून थोडा थोडा कापतोय मी, त्यांना त्रास नको म्हणून. खोलीचं भाडं पण त्यातच. फिटला की मोकळे."

मला धक्का बसला. मीच ज्या मंडपाचे पैसे वाजवून घेतले होते, त्याचा खर्च चिंतूच्या अंगावर मांडला होता. भावासारखा म्हणत होता हा माणूस.

"कवा फिटल?" आजीनं विचारलं.

"फिटेल हळूहळू."

"दोघांनी राबायचा?"

"दोघं हायेत तर लवकर फिटेल ना."

"मंजी लग्नगडी," आजी म्हणाली.

"काय?" रूपेशनं खरोखरच न कळून विचारलं. मग त्याचा दुसरा फोन वाजला आणि तो आत निघून गेला.

मी आजीला टेम्पोकडे न्यायला लागलो तर ती माझ्यावर खेकसली. "मी नाय बोलवला त्याला. माज्या पोरीच्या लग्नात मीच नाय बोलवला." मला म्हणायचं होतं, आजी, गाण्यात नाव घेतलं असतं तरी हा रूपेश असाच वागला असता. म्हटलं नाही. कारण तो मनूभाय जिवंत होता तेव्हाही कुणीतरी हाक मारल्याशिवाय आला नसेल, आणि त्या मांडवात आम्ही एवढी माणसं होतो, कुणीच हाक मारली नव्हती. मीही नाही.

मग आजी गेटच्या समोर, ट्रक आत जातात त्या रस्त्यावर, फतकल मारून बसली. वॉचमन धावत आला. "माताजी, यहाँ मत बैठो, गाडी आएगी."

"येऊ दे गाडी. माजी पोर सोडा, मग उठते."

एक ट्रक येऊन थांबला, त्यामागे दुसरा. हॉर्न सुरू झाले. आतून कामगार बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, लाल बावट्याची बाई दिसते. कुणीतरी मोबाइल काढला. पुढे कुणी आलं नाही. आजी ताठ बसली होती, आणि मी इतक्या वर्षांत तिला तशी कधी पाहिली नव्हती. मला वाटलं, आता काहीतरी होईल.

प्रतीक्षा धावत आली. डोक्यावर पॅकिंगची निळी टोपी, हातात मोजे. कित्येक महिन्यांनी आजीला पाहिलं होतं पोरीनं, पण गळ्यात पडली नाही. समोर गुडघ्यांवर बसली.

"आजी, ऊठ."

"तुला घेतल्याबिगर नाय उठणार."

"आजी, ते बघतायत. सायेब वरून बघतायत. चिंतूला काढतील. काढला तं पैसे एकदम मागतील, कुठून देऊ आमी?" तिनं हात जोडले. "तू हितं बसलीस ना, तं आमी आणखी अडकतो. तुज्या पाया पडते, ऊठ."

रंभाबाईसाठी माणसं जमीनदाराच्या अंगणात जाऊन उभी राहिली होती. इथं जिच्यासाठी बसायचं, तीच हात जोडून उठवत होती, आणि तिचं काही चुकत नव्हतं.

जमनाआजीनं हात पुढे केला. प्रतीक्षानं तिला धरून उभं केलं, सुकटाची पिशवी घेतली, टोपीखालचे डोळे पुसले, खाली वाकून आजीच्या लुगड्याची माती झटकली, आणि आत पळाली, कारण चहाची सुट्टी संपली होती.