थुंकीची हजेरी

आमचे धनी मुठेपलीकडे एका सरदारांच्या दारूखान्यात कोळसा कुटायला जात. दारू तोफांची, पिण्याची असती तर निदान येताना हसत तरी आले असते. तुरीच्या काड्यांचा कोळसा उखळात घालून पिठासारखा बारीक करायचा, हे काम. दहा माणसं दिवसभर एका छपरीत कुटत आणि संध्याकाळी दहाही जण सारखे दिसत. कसब्यातल्या आमच्या बोळात शिरले की मी आवाजावरून नवरा ओळखून घेई.

तिथल्या मुकादमाने हजेरीची एक युक्ती काढली होती. काम सुटताना सगळ्यांना रांगेत उभं करायचं आणि चुन्याने पांढऱ्या केलेल्या फरशीवर थुंकायला लावायचं. ज्याची थुंकी काळी, तो दिवसभर उखळापाशी होता. ज्याची पांढरी, तो बाहेर चिलीम ओढत बसला होता. आमच्या धन्यांची थुंकी सगळ्यांत काळी. घरी येऊन ही गोष्ट ते मला छाती फुगवून सांगत. छाती फुगवली की खोकला येई आणि पुढचं सांगणं राहून जाई.

एकदा आडावरून घागर आणताना ते दोनदा खाली टेकले. मी म्हटलं, "अहो, दळताना मी नाकाला पदर लावते. तुम्ही ओला पंचा बांधा."

"तोंड बांधून बसू? चोर आहे का मी?"

"चोराला निदान पळता येतं."

दोन दिवस उघड्या तोंडानेच गेले. तिसऱ्या दिवशी बांधला. त्या संध्याकाळी थुंकी पांढरी पडली, मुकादमाने नऊ जणांसमोर कामचोर म्हटलं, आणि घरी येऊन धनी पंचा चुलीत घालायला निघाले. मी तो काढून घेतला आणि त्यांच्या कमरेला राखुंडीची पुडी खोचून दिली. दात घासायची साधी राखुंडी. कोळसा आमच्या घरातही होताच, फक्त तो छातीत भरायची पद्धत नव्हती.

"पंचा बांधाच, फक्त रांगेत उभं राहण्याआधी ही चिमूटभर जिभेवर ठेवा."

युक्ती जमली, नको तेवढी जमली. खोकला उतरायला लागला आणि थुंकी काजळासारखी. महिन्याभरात मुकादम स्वतः आमच्या दारात आला.

"बाई, असा कष्टाळू माणूस मी पाहिला नाही. उद्यापासून त्याला चाळणीच्या खोलीत घेतो. मोठा मान आहे."

ती खोली मला ऐकून ठाऊक होती. भुकटी उडून जाऊ नये म्हणून तिला खिडकीच ठेवली नव्हती. आत ओलं काही न्यायलाही मनाई, भुकटी दमट झाली तर दारू पेटत नाही. म्हणजे पंचाही गेला. आधीचा मानकरी दोन वर्षांत संपला होता, त्याच्या आधीचाही. मुकादम दोघांची फार आठवण काढी.

धनी दारात उभे, हसू मिशीत मावेना. मी आत जाऊन राखुंडीची वाटी आणली, चिमूट जिभेवर टाकली आणि मुकादमाच्या पायाजवळ थुंकले.

"मलाही घ्या," म्हटलं. "माझी त्यांच्याहून काळी आहे."

मुकादमाने आधी थुंकीकडे पाहिलं, मग वाटीकडे, मग धन्यांकडे. समजायला जरा वेळ लागला. दुसऱ्या दिवशी त्याने धन्यांना शिक्षा म्हणून तुरीच्या काड्या तोडायला शिवारात धाडलं. उघड्यावर, वाऱ्यात.

मान दुसऱ्याला मिळाला. त्याच्या बायकोला मी जाऊन सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या पोटात दुखतंय." मग मी परत गेले नाही.

बायकोने पेठेत अब्रू घालवली म्हणून धनी चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. एके दिवशी काड्यांचा भारा दारात टाकला आणि माझ्या माहेरापासून माझ्या थुंकण्यापर्यंत सगळं सुनावलं. न थांबता, न खोकता. मी भाकरी थापत ऐकत होते. ते आवरतं घेतायत असं वाटलं, तेव्हा मी सासूबाईंचा विषय काढून दिला.