अण्णांनी दाखवलेलं बेंगळुरू

नवा माणूस हाती लागला की अण्णा त्याचं कोपर धरायचे आणि फोटोसाठी पोराला उभं करतात तसं त्याला दुकानाकडे तोंड करून उभं करायचे. मग दुकानदाराला म्हणायचे, "बघून ठेवा. आमचे आहेत."

तुम्ही या शहरात नव्याने आला असाल, तर तुम्हाला कुणीतरी बागा आणि राजवाडा दाखवला असेल. मला अण्णांनी चामराजपेटेतला इस्त्रीवाला दाखवला. खरं तर इस्त्रीवाल्याला त्यांनी मला दाखवलं.

अण्णा आमच्या खालच्या मजल्यावर एकटेच राहत. घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, त्यामुळे मराठीत निम्मं कन्नड. माझ्या ऑफिसातले सगळे तिकडे नव्या वस्तीत, मारतहळ्ळीला राहायचे, मीच तेवढा या जुन्या पेटेत येऊन पडलो होतो.

वडील गेल्यावर मी आईला नाशिकहून आणलं. ती दोन महिन्यांच्या बोलीवर आली होती. तिने कायमचं राहावं, एवढंच मला हवं होतं. तिकडे ती एकटी असेल या विचाराने माझा जीव खालीवर व्हायचा. म्हणून अण्णांना म्हटलं, तिला आवडेल असं शहर दाखवा.

रविवारी त्यांनी तिला किराणावाला, फुलवाली, औषधांचं दुकान आणि पार चिकपेटेतला एक बटणवाला दाखवला. औषधवाल्याला तर तिचं ब्लडप्रेशरसुद्धा सांगून टाकलं. आई तापली.

"अण्णा, मी काय बाजारात आणलेली म्हैस आहे?"

"स्वल्प ऐका, अक्का," अण्णा थंडपणे म्हणाले. "शहर कुठं पळून जातंय? ते मागनं बघू. आधी शहराला तुम्ही दिसायला हवं."

विधानसौधची इमारत बघायची राहूनच गेली. पुढे आई कुरकुरायला लागली, की कोथिंबीर आणायला निघालं तरी चार जण कुठे चाललात म्हणून विचारतात. तक्रारच होती ती, पण रोज जेवताना चवीने सांगायची. तरीही बॅग तिने कपाटावर चढवू दिली नव्हती.

बोली संपायला आठवडा उरला असताना अण्णा दुपारच्या झोपेतच गेले. मला फार वाईट वाटलं. त्यांच्या मागे रडायलाही घरात कुणी नव्हतं.

स्मशानातून परतलो तर आमच्या जिन्यावर चपलाच चपला. भेटायला जायचं कुणाकडे, हे पेटेने आपलं आपण ठरवलं होतं. इस्त्रीवाला, औषधवाला, सगळे आईसमोर सतरंजीवर बसले होते, आणि आई अण्णांच्या घरचीच असल्यासारखी डोळे पुसत होती.

फुलवाली शेवटी आली. दारातूनच तिने कन्नडमध्ये विचारलं, आता अक्काही गावी जाणार का. मी ते आईला मराठीत सांगायच्या आतच तिने नाही म्हणून मान हलवली.

"इल्ला," आई म्हणाली, आणि तिला बसायला जागा करून दिली.