नव्वदचा पाइप

शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावच्या पाणी योजनेवर मी कनिष्ठ अभियंता होते. विहिरीवरच्या पंपापासून टेकडीवरच्या वस्तीपर्यंत नकाशात नव्वद मिलिमीटरचा पाइप होता. चारीत उतरून पाहिलं तर त्रेसष्टचा.

ठेकेदार हसला. "ताई, पाइप बारीक असला की पाणी उलट जोरात पळतं."

"पळतं. पण तेवढं पळवायला पंपात दम नको?"

मी तिथंच वहीत मांडलं. सेकंदाला सहा लिटर पाणी हवं. त्याला पाइपाच्या आतल्या क्षेत्रफळानं भागलं की वेग निघतो. नव्वदच्या पाइपात सेकंदाला सव्वा मीटरच्या आत, त्रेसष्टच्यात अडीच मीटर. वेग, आतला व्यास आणि पाण्याचा चिकटपणा यांवरून आणखी एक अंक येतो. तो दोन हजारांच्या आत असला तर पाणी शांतपणे थरांनी वाहतं, चार हजारांपुढे खवळतं. इथं तो लाखावर गेला. आत नुसती घुसळण, आणि वाटेतच खर्च होणारा दाब नव्वदच्या जवळपास सहापट.

"कागदावर काहीही येतं," ठेकेदार म्हणाला.

संध्याकाळी माझ्या वरच्या साहेबांचा फोन आला. "मॅडम, ठेकेदाराच्या बिलावर सही करून टाका. कोण मोजायला जातंय तिथं?"

"मी जातेय, सर."

माझ्या वडिलांनी जन्मभर अशाच चाऱ्या खोदल्या. आमच्या वस्तीला मात्र पाणी सगळ्यांत शेवटी यायचं, तेही उरलं तर. ते मी विसरणार नव्हते.

सकाळी वस्तीवर पाइपाच्या तोंडाखाली दोनशे लिटरचा ड्रम ठेवला आणि सगळ्यांसमोर पंप सुरू करायला लावला. ड्रम तेहतीस सेकंदांत भरायला हवा होता. ऐंशी लागले. एक म्हाताऱ्या अक्का ठेकेदाराकडे वळल्या, "मंग बठ्ठं पानी खालेच राही जाई का, भाऊ?"

सगळं पाणी खालीच राहणार का, हे सांगायचं सोडून तो मोबाइलमध्ये बघत राहिला.

मी पंचनामा लिहिला, वस्तीतल्यांच्या सह्या घेतल्या, साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि पोच मागितली. त्यांनी ती दिली, माझ्याकडे न बघता. कागद नोंदीला लागला होता, तो दडपता येईना; पुढच्या महिन्यात ठेकेदाराला त्रेसष्टचा पाइप उपसून नव्वदचा टाकावा लागला. वस्तीवर पाणी चढलं. पाठोपाठ माझी भडगावला बदली झाली.

"काय मिळवलंत, मॅडम?" एका सहकाऱ्यानं विचारलं.

"पाणी मिळालं ना वस्तीला," मी म्हटलं. "आणि चुकीच्या मापाला माझी सही भडगावातही मिळणार नाही."