मास्तरांचा चौरंग

शुद्धलेखनाच्या चुका होतील आणि अक्षरही वेडंवाकडं येईल, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर मी शाळा पाहिली नाही. नातीच्या जुन्या वहीत पानं उरली होती, त्यावर लिहिते आहे. कुणाला दाखवायचं नाही. तरी माफी मागावीशी वाटली, कारण ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ते कुठल्याही कामाआधी कमरेत वाकत. मी केर काढायला दारात उभी राहिले तरी ते माझ्यापुढे वाकत. माझ्यापुढे असं कुणी कधी वाकलं नव्हतं, नागपूरला नाही आणि इथेही नाही.

त्यांना मी मास्तर म्हणत असे. माझा मुलगा प्रशांत अमेरिकेत रेडमंडला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता आणि आमचं घर बेलव्ह्यूला होतं. तीन घरं सोडून हे म्हातारे जपानी गृहस्थ एकटे राहत. बायको वारलेली, मुलगी जपानला. आठवड्यातून दोनदा जाऊन मी त्यांचं घर साफ करी आणि भात लावून ठेवी. प्रशांतला ते आवडत नव्हतं. "आई, लोकांची घरं क्लीन करायला आणलं का मी तुला इथे?" पण दिवसभर बंद घरात पाऊस बघत बसण्यापेक्षा मला ते काम बरं वाटे. मास्तरांचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं. त्यामुळे आम्हाला एकमेकांची भीती वाटत नसे.

शनिवारी त्यांच्याकडे चार-पाच अमेरिकन माणसं गो नावाचा जपानी खेळ शिकायला येत. ती त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणत. उभ्या-आडव्या रेघांचा पट असतो. रेघा जिथे एकमेकींना भेटतात तिथे सोंगटी ठेवायची आणि जागा वेढत जायची. पांढऱ्या सोंगट्या शिंपल्याच्या, काळ्या पाटीच्या दगडाच्या. पहिल्यांदा काळी सोंगटी पुसायला घेतली तेव्हा मी नकळत ती नाकाशी नेली. मास्तर बघत होते. मी म्हटलं, "माय स्कूल." त्यांनी मान हलवली.

दुसऱ्याच्या डावात बोललेलं त्यांना खपत नसे. ग्रेग नावाचा एक उंच इंजिनियर येई, मनाने फार चांगला. शेजारी कुणी अडकलं की हा लगेच बोट दाखवी, "नो, नो, तिकडे ठेव!" त्याच्या लेखी ती मैत्री होती. मास्तरांचा चेहरा मात्र उतरे. ते म्हणत, "डाव दोघांचा. बघणाऱ्याला तोंड नसतं."

या ग्रेगबद्दल त्यांच्या मनात आणखी एक अढी होती. नवख्याने काळ्या सोंगट्या घ्यायच्या आणि खेळ सुरू होण्याआधीच त्यातल्या काही पटावर मांडून घ्यायच्या, अशी त्यांच्याकडे रीत आहे. फार कच्चा असेल तर नऊ. जसजसा तो सुधारेल तशी एकेक कमी करायची. ग्रेगला हा अपमान वाटे. "सवलत नको, सेन्सेई. फेअर खेळू." मग दर शनिवारी तो हरे, आणि हरलो म्हणून सांगायची वेळ येऊन गेली तरी शेवटची सोंगटी संपेपर्यंत खेळत राही. मैदान सोडायचं नाही, असं त्याला लहानपणापासून शिकवलेलं. मास्तरांना वाटे, हा म्हाताऱ्याच्या चुकीची वाट बघत बसला आहे. एकदा ते म्हणाले, "तू माझ्याशी खेळत नाहीस. फक्त हरतोस." ग्रेग हसला. मी चहाचे कप उचलत होते. मला मास्तरांचे हात दिसले, ते मांडीवर घट्ट आवळलेले होते.

आता माझी चूक लिहिते.

त्या दिवशी बुद्ध पौर्णिमा होती. मास्तर डोळे तपासायला गेले होते. त्यांच्या घरात बुद्धाची मूर्ती नाही, फोटो नाही, याचं मला नेहमी नवल वाटे. जपानी म्हणजे आपल्यासारखे बौद्धच, असं मी धरून चालले होते. बैठकीच्या कोपऱ्यात कापडाने झाकलेलं काहीतरी असे. कापड उचललं, तर वीतभर जाडीचा, चार पायांचा, सोन्यासारख्या लाकडाचा चौरंग. त्यावर रेघा होत्या. पण वर्गातले पट पातळ, घडी होणारे असत, म्हणून या रेघा मला नक्षी वाटल्या. मी घरून बुद्धाची मूर्ती आणली, शेजारी त्यांच्या बायकोचा फोटो ठेवला, पाण्याच्या वाटीत फुलं ठेवली आणि आपल्याकडे चिकटवतात तशा दोन मेणबत्त्या मेण सांडून लाकडावरच चिकटवल्या. वंदना म्हटली आणि भात लावायला आत गेले. एक मेणबत्ती कलंडली. वास आला तेव्हा धावले. लाकडावर बोटाएवढा काळा डाग पडला होता. मी घाबरून सुरीने खरवडायला गेले आणि वर एक चर पाडून ठेवला.

मास्तर आले. आधी ते बायकोच्या फोटोपुढे बसले, हात जोडले. मग उरलेली मेणबत्ती चिमटीने विझवली. म्हणाले, "आमच्याकडे बुद्ध माणूस गेल्यावर येतो." आमच्याकडे तो जगायला आला, असं मला सांगायचं होतं. पण तेव्हा कुठल्या तोंडाने बोलणार? ते डागावरून बोट फिरवत राहिले. "हा माझ्या गुरूंचा पट आहे," एवढंच म्हणाले. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

पट जपानला पाठवून, रंधा मारून, रेघा पुन्हा आखून घ्याव्या लागणार होत्या. त्यांनी कागदावर खर्च लिहिला, नऊशे डॉलर. मी म्हटलं, मी देईन. त्यांनी नको म्हटलं नाही. उठून एक लहान वाटी आणली, तीत नऊ काळ्या सोंगट्या मोजून टाकल्या आणि वाटी स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवली. एका महिन्याला एक, असं त्यांनी बोट वर करून सांगितलं.

घरी कळलं तेव्हा प्रशांत तडकला. "यार, काय माणूस आहे! क्लीनिंग करणाऱ्या बाईकडून पैसे घेतो? चल, मी चेक देऊन येतो, विषय खतम." मी नको म्हणत असताना तो गेला. मीही मागोमाग गेले. मास्तरांनी त्याला बसवलं, चहा दिला, चेककडे पाहिलंसुद्धा नाही. पट त्यांनी उलटा केला. खालच्या बाजूला मधोमध खोलगट जागा कोरलेली होती. त्यांनी सांगितलं, जुन्या गोष्टीत म्हणतात, दोघांच्या डावात जो मधे बोलेल त्याचं डोकं कापून इथे ठेवायचं. मग हसून त्यांनी चेक परत केला. "डाव तुमच्या आईचा आणि माझा."

परत येताना प्रशांत म्हणाला, "आई, हा माणूस क्रेझी आहे."  मलाही तेव्हा मास्तर कठोरच वाटले होते.

त्यानंतर दर महिन्याला एकच गोष्ट होई. आधी ते माझा पूर्ण पगार पाकिटात घालून दोन्ही हातांनी देत, त्यातून एक डॉलर कापत नसत. मग मी शंभर काढून दोन्ही हातांनी त्यांना देई. ते माझ्यासमोर नोटा मोजत. पहिल्यांदा ते मोजणं मला टोचलं. मग वाटीतली एक सोंगटी ते सोंगट्यांच्या मोठ्या डब्यात टाकत. तिसऱ्या की चौथ्या महिन्यात, तो आवाज ऐकताना, ते माझ्याशी काय करत होते ते मला समजलं. त्यांनी पैसे सोडून दिले असते तर मी आयुष्यभर त्यांची कामवाली बाई राहिले असते, जिची चूक कुणी मनावर घेत नाही.

एका शनिवारी ग्रेग पाणी प्यायला आत आला आणि त्याने वाटीकडे बोट करून विचारलं. मी जमेल तसं सांगितलं, "माय स्टोन्स. आय एम वीक. सो टाइम, ही गिव्ह."  पुढच्या शनिवारी त्याने स्वतःहून चार सोंगट्या मांडून घेतल्या. हरला तो तरीही. पण त्या दिवशी मास्तरांना पहिल्यांदा त्याच्या चालीवर विचार करत बसावं लागलं.

दिवाळीच्या सुमाराला पट परत आला. किंचित पातळ झाला होता, रेघा नव्या काळ्याभोर. मास्तरांनी मला जवळ बोलावून लाकडाचा वास घ्यायला लावला. मग हळूच सांगितलं, त्यांच्या गुरूंनीही एकदा त्यावर दारू सांडून रंधा मारून घेतला होता. आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं. "आधी सांगितलं असतं तर तुम्ही कमी दिले असते," ते म्हणाले. आम्ही दोघंही हसलो. तसं हसताना मी त्यांना एवढं एकदाच पाहिलं.

हिवाळ्यात ते खचले. जिना चढताना थांबू लागले. मी तापाने पडले होते, तो महिना माझाही चुकला. फेब्रुवारीत त्यांची मुलगी त्यांना कायमचं जपानला न्यायला आली, तेव्हा वाटीत दोन सोंगट्या होत्या आणि हातात आठवडा. प्रशांत म्हणाला, "आता तरी लेट इट गो, आई. ते काही मागणार नाहीत." मलाही तीच भीती होती. जाण्याच्या गडबडीत ते माफ करून टाकतील आणि मला हो म्हणावं लागेल.

रेडमंडला आपल्या लोकांचा एक मोठा कार्यक्रम होता. मी लाज बाजूला ठेवून तिथे जेवणाचं बघणाऱ्या काकूंना फोन केला आणि दीडशे माणसांच्या पुऱ्या नि भाजीचं काम मागून घेतलं. दोन दिवस ओट्यापाशी उभी होते. प्रशांत आधी दारातून बघत होता, मग येऊन पुऱ्या लाटायला बसला. त्याची एकही पुरी गोल झाली नाही. पण डावात तो बोलला नाही.

निघण्याच्या दिवशी मास्तरांचं घर रिकामं होतं. पट कापडात बांधून ठेवलेला, वाटी मात्र फळीवर तशीच. मुलगी काहीतरी बोलायला गेली, त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. मी दोनशे डॉलर दोन्ही हातांनी दिले. त्यांनी एकेक नोट मोजली. मधे चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजली. मग वाटीतल्या दोन्ही सोंगट्या एकामागून एक डब्यात टाकल्या. एक आठवण म्हणून मला देतील, असं क्षणभर वाटलं होतं. दिली नाही. डबा पुरा असायला हवा.

ते जमिनीवर बसले, दोन्ही तळवे टेकवले आणि डाव संपल्यावर बरोबरीच्या माणसापुढे वाकतात तसे माझ्यापुढे वाकले. मीही समोर बसून तशीच वाकले. पैसे पूर्ण फिटले होते.