नको आणि कुरेनेकर

ह्यांना स्ट्रोक आला तेव्हा उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि सगळी मराठी भाषा गेली. एक शब्द तेवढा मागे राहिला. नको.

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. कुणाच्या तोंडी एखादी शिवी उरते, कुणाच्या तोंडी बायकोचं नाव. मी विचारलं, "बदलून मिळेल का?" त्यांना वाटलं, बाई धक्क्यात आहे. मी धक्क्यात नव्हते, मला राग आला होता. सगळी नोकरी शाळेत मराठी शिकवण्यात घालवलेला माणूस. लग्न ठरल्यावर मी लिहिलेलं पहिलं पत्र ह्यांनी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत पाठवलं होतं. चर्चमध्ये मराठी मिस्साला वाचन ह्यांचंच, आणि ईस्टरआधीच्या दर उपवासकाळात क्रूसाच्या वाटेची, म्हणजे प्रभूच्या शेवटच्या प्रवासाची, चौदाच्या चौदा स्थानं खड्या आवाजात वाचायचे तेही हेच. अशा माणसाकडे देवानं ठेवून ठेवून काय ठेवलं, तर नको.

बरं, तो नकोही धड नको नव्हता. "चहा घेणार?" म्हटलं की "नको," आणि डावा हात कपाकडे. कप मागे घेतला की "नको! नको!" आणि डोळे वटारून बघणार. पंखा लावू? नको. बंद करू? नको. लग्नापासून मी ह्यांना "अहो" म्हणत आले होते. पण रोज आंघोळ घालायला लागल्यावर माणसाला किती दिवस अहो म्हणणार? दोन महिन्यांत मी "अरे"वर आले. "अरे, तुझ्या नकोचा अर्थ तरी सांग!" "नको."

आमची मुलुंड पूर्वेची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार आहे, म्हणजे गेली कित्येक वर्षं ती जाणारच आहे. लिफ्ट नवीन बिल्डिंगमध्ये असेल, तोवर जिने. सेक्रेटरी संमतीची सही घ्यायला धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर आले. फ्लॅट ह्यांच्या नावावर. ह्यांनी कागद नीट पाहिला आणि ठणकावून सांगितलं, "नको." सेक्रेटरींचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी ते पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि ह्यांनी "नको, नको" म्हणत त्यातले चार पेढे खाल्ले. तेव्हापासून सोसायटीत ह्यांच्याइतका मान कुणालाच नव्हता.

चर्चमधल्या प्रार्थना मंडळाच्या बायका दर बुधवारी यायच्या. मनानं चांगल्या, पण बोलायच्या फार. त्यांच्या म्होरक्या बाई माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "ज्याच्यावर प्रभूचं प्रेम जास्त, त्याच्याच खांद्यावर मोठा क्रूस ठेवतो तो." मी म्हटलं, "मग त्याला म्हणावं, दुसऱ्या मजल्यावर पण थोडं प्रेम कर." बाईंनी डोळे मिटून घेतले आणि सरळ प्रार्थना सुरू केली. "हे प्रभू, ह्या घरात आमच्या मनासारखं नाही, तुझ्या मनासारखं होऊ दे."

"नको!" हे पलंगावरून गरजले.

आमेन म्हणावं की नाही, कुणालाच कळेना. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसले आणि हसता हसता रडले. कारण ते हसण्यासारखं होतं आणि माझं आयुष्यही तेच होतं.

मग उपवासकाळातल्या एका दुपारी हे बाथरूममध्ये माझ्या हातातून निसटले. लागलं नाही फारसं, पण मला उचलता येईना. दोघंही ओल्या फरशीवर बसून राहिलो. मनात महिनोन्महिने होतं ते मी त्या दिवशी विचारलं. "जगायचा कंटाळा आलाय का तुला?"

"नको."

"म्हणजे जगणं नको, की असं काही विचारायला नको?"

"नको."

मला तेवढं एकच कळायला हवं होतं. ह्या माणसाला जगायचं आहे का? नसेल, तर मी रोज सकाळी कुणाच्या मर्जीविरुद्ध त्याला औषधं पाजतेय, दाढी करतेय? प्रभूला विचारलं, तर तो ह्यांच्याहून गप्प. ह्यांच्याकडे निदान एक शब्द होता.

त्याच आठवड्यात फादर आले. ह्या वेळी शुक्रवारची क्रूसाची वाट चर्चच्या आवारात न करता आजूबाजूच्या सोसायट्यांतून न्यायची होती आणि पाचवं स्थान आमच्या कंपाउंडमध्ये येणार होतं. "सरांना खाली आणता येईल का?" ह्यांना विचारलं. "नको." मी फादरना तसं सांगितलं. वळून पाहते तर ह्यांनी डाव्या हातानं पलंगाशेजारच्या कपाटातला पांढरा शर्ट खाली ओढला होता. आता ह्यावरून काय समजायचं? आदल्या दिवशी ह्यांनी पडदासुद्धा ओढून पाडला होता.

शुक्रवारी मी ह्यांना तोच शर्ट घातला. काय होईल ते होईल म्हटलं.

पहिल्या मजल्यावरचे शेजारी निवृत्त बस कंडक्टर, पक्के मालवणी. त्यांनी सूत्रं हातात घेतली. हातवाली प्लास्टिकची खुर्ची आणली, ह्यांना माझ्या जुन्या साडीनं तिला बांधलं. खुर्चीला चार माणसं लागली. एक ते स्वतः, एक सहीच्या आशेवर असलेले सेक्रेटरी, एक वॉचमन आणि एक दुसऱ्या मजल्यावरचे जिमला जाणारे गृहस्थ. दुसऱ्या मजल्यावर प्रेम करण्याची माझी विनंती अशी मान्य झाली.

"डबल बेल! चला, पुढे चला," कंडक्टरभाऊ ओरडले आणि खुर्ची निघाली. हे पहिल्या पायरीपासून सुरू झाले. "नको, नको, नको." प्रत्येक मजल्यावर दारं उघडली. एक आजी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "अहो, एवढा नको म्हणतोय माणूस, का नेताय त्याला?"

"आजी, मास्तरांचो नको म्हणजे हो," भाऊ म्हणाले.

"कशावरून?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सांभाळून, पुढे वळण आहे."

कंपाउंडमध्ये पार्क केलेल्या स्कूटरींच्या मधे लोक जमले होते. लाकडी क्रूस पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवला होता. फादरनी पाचवं स्थान वाचायला घेतलं. प्रभू थकला, चालवेना, म्हणून शिपायांनी शेतावरून परतणाऱ्या एका कुरेनेकराला धरलं आणि क्रूस त्याच्या खांद्यावर दिला.

भाऊ माझ्या कानाशी आले. "वहिनी, कुरेनेकर? खंयचे ते? आमच्याच बाजूचे दिसतत."

"आफ्रिकेतल्या कुरेने गावचे," मी पुटपुटले.

"आफ्रिकेत गेलेले? नोकरीक?" त्यांना फार कौतुक वाटलं. मग थोड्या वेळानं, "त्येका आधी इचारल्यानी काय, उचलशील म्हणून?"

"नाही. धरलं आणि दिला खांद्यावर."

"मगे? शेवटपर्यंत रवलो, की सोडून गेलो?"

"ते लिहिलेलं नाही, भाऊ."

वर्षानुवर्षं हे स्थान ह्यांच्या आवाजात ऐकलं होतं आणि दर वेळी माझं लक्ष घरी भिजत घातलेल्या कडधान्याकडे असायचं. आज पहिल्यांदा कानात शिरलं. त्या माणसाला कुणी विचारलंच नव्हतं. मलाही कुठे कुणी विचारलं होतं? तो बिचारा घरी चालला होता, जेवायला. मला त्या कुरेनेकराची इतकी दया आली की डोळे भरून आले, आणि दया त्याची नव्हती हे मला कळत होतं.

फादर थांबले. सगळे मान खाली घालून गप्प उभे होते. त्या शांततेत हे हळूच म्हणाले, "नको."

कुणी हसलं नाही. मला एकदम सकाळचा चहा आठवला, नको म्हणत कपाकडे जाणारा ह्यांचा डावा हात. शिपायांनी धरण्याआधी रात्री बागेत प्रभूनंही आकाशातल्या बापाला हेच सांगितलं होतं की, हा प्याला मला नको. प्रभूनं. आणि नको म्हणून झाल्यावर तो प्यायला. नको ही प्रार्थना नाही, असं मला कुणी शिकवलं होतं? आमच्या घरात वर्षभर प्रार्थना चालू होती आणि मी तिच्यावर खेकसत होते.

मग गाणं सुरू झालं आणि क्रूस पुढच्या सोसायटीकडे निघाला. त्याचं मागचं टोक गेटजवळच्या स्पीडब्रेकरवर अडकलं. "अरे, उचला, उचला!" म्हणत भाऊ धावले, ते टोक त्यांनीच खांद्यावर घेतलं आणि गेले की त्यांच्याबरोबर. वॉचमन रस्त्यावरच्या रिक्षा थांबवायला गेला. जिमवाल्यांची वेळ झाली. सेक्रेटरींना फोन आला. बघता बघता कंपाउंड रिकामं झालं. साडीनं खुर्चीला बांधलेले हे, मी आणि वर तीन मजले.

मी टाकीच्या कठड्यावर बसले. पाय दुखत होते. हे गेटकडे बघत होते. गाण्याचा आवाज लांब चालला होता. माझ्या तोंडून कित्येक महिन्यांनी "अहो" निघालं.

"अहो, सगळे गेले. मी पण जाऊ का सोडून?"

चेष्टाच होती. अर्धी तरी होती. ह्यांनी डावा हात पुढे केला, माझा पदर मुठीत धरला आणि तो असा पिळला की खांद्यावरची पिन तुटली.

"नको," हे म्हणाले.

वर्षभरात पहिल्यांदाच त्या शब्दाचा अर्थ नको असा होता.