एकानंतर तीन

लग्नात आहेर म्हणून आलेल्या स्टीलच्या डब्यांसारखेच किस्स्यांचे असते. ते न मागता जमतात, वापरात येत नाहीत आणि टाकूनही देता येत नाहीत. माझ्याकडे असा साठा पुष्कळ आहे आणि तो सगळाच्या सगळा एकाच तोफेभोवतीचा आहे.

आमचे यजमान तोफखान्यात होते. एकाहत्तरच्या लढाईत त्यांच्या तोफेवर पाच जण, पाचही आपल्याच जिल्ह्यातले. पाचही धडधाकट परतले आणि पुढे दर डिसेंबरात श्रीगोंद्याला आमच्या अंगणात जमू लागले. याला ते ‘मेळावा’ म्हणत. अध्यक्ष नाही, विषयपत्रिका नाही, वेळेचे बंधन नाही! मी शाळा चालवलेली बाई आहे. याला मेळावा म्हणत नाहीत, मधली सुट्टी म्हणतात.

शिस्त काय ती एकच. जेवणापूर्वी गिनती. प्रत्येकाने तोफेवरचा आपला नंबर ओरडायचा. नंबर एक सुभेदार म्हस्के, हुकूम देणारे. दोन आमचे हे, नेम धरणारे. तीन नगरचे उस्मानभाई, गोळा भरणारे. चार मिरजगावचे रंगनाथ आणि पाच पारनेरचे कोंडिबा. हे दोघे गोळे आणून देणारे. मोजणी हिंदीत. निदान माझ्या अंगणात तरी मराठीत मोजा, असे मी दरवर्षी सांगत असे. लष्कर शिक्षकांचे ऐकत नाही.

*

तोफेने प्रत्येकाचा एकेक कान नेला होता. तोफेच्या ज्या अंगाला जो उभा, त्याचा त्या अंगाचा. त्यामुळे पंगतीत कोणी कुठे बसायचे यावर अर्धा तास खल चाले आणि मग सगळे मिळून ओरडत.

एकदा शेजारचे अण्णा काठी घेऊन कुंपणापाशी आले. “बाई, भाऊबंदकी पेटली का काय? मधी पडू का?”

“नको,” मी म्हणाले. “ते एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करीत आहेत.”

*

युद्धाबद्दल ही मंडळी काही उद्बोधक बोलतील, अशी आशा मी सुरुवातीची काही वर्षे बाळगली. ज्या रात्री सर्वांत जास्त गोळे पडले, त्या रात्रीविषयी मी मुद्दाम विचारले.

“त्या रात्री बटाटा हुता,” कोंडिबा म्हणाले.

“बटाटा न्हाई, भोपळा!” रंगनाथ उसळले. “लाल भोपळा. मीच वाढला हुता.”

“भोपळा आदल्या राती. त्या रात्री बटाटा!”

देशाची सीमा राखलेल्या माणसांना अर्ध्या शतकात एका भाजीचा निकाल लावता आला नाही! वाद संपेपर्यंत ताटे तशीच राहत आणि मग सुभेदार मलाच ऐकवत, “बाई, रस्सा गार हाय.”

ही तक्रार एकाही वर्षी चुकली नाही.

*

एका वर्षी आदल्या दिवशी अवकाळी पडला आणि उस्मानभाईंचा टेम्पो आमच्या फाटकाशी चिखलात रुतला. मी ट्रॅक्टर बोलावते म्हणाले. सुभेदारांना ते अपमानास्पद वाटले. राजस्थानच्या वाळूतून तोफ ओढलेली माणसे आम्ही!

त्यांनी हुकूम सोडला. क्षणात पाचही म्हातारे आपापल्या जागी. “जोर लगा के!” टेम्पो निघाला, आणि उतारावरून थेट अण्णांच्या कांदाचाळीत घुसला.

“आत कोण होते?” मी विचारले.

कोणीच नव्हते. टेम्पोचा मालक आणि चालक उस्मानभाईच. पण हुकूम ऐकताच तेही स्टिअरिंग सोडून मागे तीन नंबरच्या जागेवर धावले होते!

सुभेदार चाळीकडे पाहत शांतपणे म्हणाले, “बाई, तोफंला डायवर नसतो.”

*

यजमानांना मधुमेह झाला आणि मी घरातून साखर हद्दपार केली. त्या ईदला उस्मानभाई डबा घेऊन आले. डबा माझ्या हाती द्यावा, एवढी रीत त्यांना ठाऊक होती. तो दिला नाही, तेव्हाच मला संशय आला.

गोठ्यामागे गेले तर काय! आमचे हे तोंड उघडून बसलेले आणि उस्मानभाई चमच्याने शीरखुर्मा भरवताहेत.

“लाज वाटत नाही?” मी म्हणाले. “यांना स्वतःचे हात नाहीत?”

“बाई, हे नुसता नेम धरतात,” उस्मानभाई म्हणाले. “भरायचं काम पहिल्यापासून माझंच.”

*

रंगनाथ वारले. दशक्रियेला आम्ही सगळे मिरजगावला गेलो. आता तोफेचा नियम असा, की माणूस पडला तर मागच्याने एक नंबर वर सरकायचे आणि त्याचे काम उचलायचे. तोफ थांबता कामा नये. नियम लढाईपुरता असतो, असे कोणाही सुजाण माणसाला वाटेल.

पिंडाला कावळा शिवायचा होता. सगळे स्तब्ध. एवढ्यात कोंडिबा सुभेदारांच्या चांगल्या कानाशी लागले आणि साऱ्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजले, “साहेब, म्हंजी आता मी चार, व्हय?”

“चार.”

पन्नास वर्षे तुंबलेली बढती मिळाली आणि तो माणूस पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडू लागला. बढती मिळाल्यावर इतके रडलेले मी शिक्षण खात्यातही कोणाला पाहिलेले नाही.

*

गेल्या आषाढात आमचे हे गेले.

डिसेंबर लागताच सुभेदारांचा फोन आला. “बाई, यंदाच्या मेळाव्याचं कसं करायचं?”

“करायचे नाही,” मी स्पष्ट सांगितले. “ज्यांच्यासाठी मी हे सोसले, ते आता नाहीत. इतःपर माझ्या अंगणात मेळावा होणार नाही.”

“बरं,” ते म्हणाले. आणि ठरलेल्या दिवशी तिघेही फाटकाशी उभे!

आलेल्या माणसाला उपाशी परत पाठवणे आमच्या घरात बसत नाही, म्हणून मटण टाकले. एवढ्यापुरतेच. जेवून गेले की फाटकाला कायमचे कुलूप, हे माझे ठरले होते.

मी ताटे वाढली. तिघे उभे राहिले.

“गिनती कर!” सुभेदार गरजले आणि स्वतःच म्हणाले, “एक!”

आता नियमाप्रमाणे उस्मानभाई दोन. ते समोर पाहत उभे राहिले आणि म्हणाले, “तीन!”

“चार!” कोंडिबा ओरडले.

“गलत,” सुभेदार म्हणाले. “फिरसे. एक!”

“तीन!”

“उस्मान, नियम हाय. वर सरक.”

“नियम मला माहीत हाय, साहेब. मी तीन.”

“फिरसे! एक!”

“तीन!”

पुन्हा. पुन्हा. उस्मानभाईंचा नंबर हलेना. सुभेदारही हटेनात. तोफ अडली होती. ताटांतल्या वाफा विरल्या, तर्री वर गोठू लागली. मी हातात पळी घेऊन दारात उभी होते. मूर्खपणाला काही मर्यादा असते!

“पुरे!” मी ओरडले. “पहिलीतल्या मुलालाही कळते! एकानंतर तीन येत नाही!”

तिघांनी माझ्याकडे वळून पाहिले. सुभेदार वर्गातल्या पोरासारखे हात बाजूला सोडून उभे राहिले.

“मग काय येतं, बाई?” ते म्हणाले. “तुमीच सांगा.”

कुंपणापलीकडे अण्णाही येऊन उभे राहिले होते.

सुभेदारांनी मान ताठ केली. “एक!”

मी पळी खाली ठेवली.

“दो!”

“तीन!” उस्मानभाई ओरडले.

“चार!”

मग सगळे जेवायला बसले. रस्सा पार गार झाला होता. कोणीही तक्रार केली नाही.